पात्यावरचं तेल

“हात गेला म्हणालात ना माझा? मग बघा आता!” थोरलीनं पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास मालकांच्या टेबलावर आदळला. निम्मं पाणी कागदांवर सांडलं. तिनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

तासाभरापूर्वी मालकांनी नर्सरीतल्या सगळ्या बायकांदेखत जाहीर केलं होतं, की थोरलीची तीनशे कलमं काळी पडली, धाकटीची मात्र झाडून सगळी फुटली. थोरलीचा हात गेला, कसब उरलं नाही; आजपासून तिनं पिशव्यांत माती भरावी. इथं चाकू चालवणाऱ्या दोघीच, थोरली आणि तिची धाकटी जाऊ. बाकीच्या बायका कलमाच्या सांध्याला पट्ट्या बांधतात, पाणी घालतात.

टेबलामागं मालक बसले होते आणि कपाटाला टेकून त्यांचे जावईबापू उभे होते, हातात तेलाच्या फवाऱ्याचा डबा घेऊन. गेल्या दोन महिन्यांपासून चाकू रात्री ऑफिसात ठेवायचे आणि त्यांची देखभाल जावईबापूंनी करायची, असा नियम होता. नियम कुणी केला म्हणाल, तर जावईबापूंनीच.

थोरलीनं टेबलावरचा आपला घडीचा चाकू उघडला. पातं नुसतं चमकत होतं. तिनं ते फडक्यानं खसाखसा पुसलं, दोन्ही अंगांनी, रोज कामाला बसताना पुसायची तसं, आणि ग्लासातल्या पाण्यात बुडवलं. पाण्यावर रंगीत तवंग पसरत गेला.

“दिसतंय? पुसलेल्या पात्याचं आहे हे! पुसलं की गेलं असं वाटायचं मला, आणि हे तेल मी रोज झाडाच्या कापात भरतेय. तेल लागलेला काप सांधतो होय कधी?”

जावईबापू हसले. “मावशी, हे साधंसुधं तेल नाही. गंज काढतं, झाडाचा चीक काढतं, पातं गुळगुळीत ठेवतं. म्हणून तर तुमची ती स्पिरिटची बाटली बंद केली मी.”

“मोठे उपकार केलेत!” थोरली कडाडली. “चाकूला तेल कुठं घालतात, ठाऊक तरी आहे का? इथं.” पातं मुठीत जिथं फिरतं, त्या खिळ्यावर तिनं नख टेकवलं. “शिलाई मशीनचं पातळ तेल, सुईच्या टोकानं, एक थेंब. रात्री पात्यावरून तेलाचं बोट फिरवलंच, तर सकाळी स्पिरिटनं पार उतरवायचं. तुम्ही तर आंघोळ घालता चाकूला! गंजलेलं कुलूप आहे का ते?”

मालकांनी तरुणपणी स्वतः कलमं केली होती. तवंग बघून त्यांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, “मग धाकटीची कशी लागली?”

थोरलीसकट सगळ्यांनी दाराशी उभ्या धाकटीकडं पाहिलं. तिनं एप्रनच्या खिशातून लाकडी मुठीचा एक जुना चाकू काढला.

“मी घरचा वापरते. तुमचा सकाळी घेते, खिशात ठेवते, संध्याकाळी परत देते. त्या फवाऱ्याच्या वासानंच कळलं होतं मला, हे काही खरं नाही.”

थोरली गरकन वळली. “आणि मला बोलली नाहीस? एका घरात राहतेस, एका चुलीवरचं खातेस!”

“मला वाटलं ताई, तुम्ही घरून स्पिरिट आणत असाल.”

“वाटलं म्हणे! तोंड शिवलं होतं का तुझं?”

धाकटीनं खाली मान घालून हातातला चाकू उघडला, पात्यावरून अंगठा फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची कलमं थोरलीपेक्षा सरस ठरत होती आणि तिला ते गोड लागलं होतं. हे ती कुठल्या तोंडानं सांगणार?

मालकांनी उठून दार लोटलं. आवाज खाली आणला. “बरं, झालं ते झालं. तुम्ही कलमांवर बसा परत. विषय संपला.”

“संपला कसा? हात गेला हे कुठं म्हणालात? बाहेर, चारचौघींत. मग हेही बाहेरच म्हणा.”

तिनं दार सताड उघडलं. कान देऊन उभ्या असलेल्या बायका लगबगीनं आपापल्या वाफ्यांकडं वळल्या. मालक पायरीवर आले, घसा खाकरला.

“ऐका गं. थोरलीच्या हातात दोष नाही. ते... तेलामुळं झालं.”

“तेल काय स्वतःच्या पायांनी चालत आलं?”

मालकांनी मागं वळून पाहिलं. जावईबापूंनी फोनमध्ये डोकं खुपसलं होतं. मालकांचे ओठ हलले, पण जावयाचं नाव काही बाहेर पडेना. “असेल कुणाची तरी चूक,” ते पुटपुटले. “चला, कामाला लागा.”

थोरलीनं एप्रन ओरबाडून काढला, पायरीवर भिरकावला आणि फाटकाकडं चालू लागली.

धाकटी क्षणभर तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग कलमांच्या शेडमध्ये गेली, आपल्या पाटावर बसली आणि हातातला चाकू खट्‌कन मिटून बाजूला ठेवला.

“अहो, तुम्ही काय हात बांधून बसलात?” मालक ओरडले. “कलमांसाठी चारशे काड्या तोडून आणल्यात! संध्याकाळपर्यंत वाळून जातील सगळ्या.”

“मग संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना, मालक?” धाकटी म्हणाली. “तोवर ते नाव बोला.”