दांडगी कोंबडी

आई मागच्या अंगणात आली तेव्हा कोंबड्यांनी एकीला कोपऱ्यात गाठून तिची पाठ फोडली होती. पिसं उपटून झाली होती, आता मांसावर चोची चालल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक थोराड तांबडी.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? रक्त दिसलं की थांबत नाहीत त्या," आई लेकीवर ओरडली.

खुराडं चांगलं माणूस उभा राहील एवढं होतं, चारी बाजूंनी जाळी आणि दाराला कुलूप. लेक आत शिरली. तिनं तांबडी उचलली, मानेला एक पीळ दिला आणि बाहेर टोमॅटोच्या वाफ्यात फेकली. तांबडी थोडी फडफडली नि निपचित पडली.

"मारलीस काय गं!" आई म्हणाली. "अशी दांडगी निघाली तर तिला काढून वेगळी कोंडायची. चार दिवसांनी सोडली की खाली मान घालून राहते. आपण घरी काय करायचो? मार खाणारीला हलवून काही होत नाही. मारणारीला काढायचं."

"डोकं फिरलं माझं," लेक म्हणाली आणि नळावर हात धुऊ लागली.

आईनं ते हात पाहिले. बोटांचे सांधे सोलवटलेले, एक नख मुळापासून उचकटलेलं. मानेवरही ओरखडे.

"हे काय?"

"कोंबडा अंगावर येतो."

आईचा जन्म कोंबड्यांत गेला होता. कोंबडा पोटऱ्या फोडतो. मानेपर्यंत त्याचा बापसुद्धा जात नाही. पोरगी थापा मारत होती.

"जावई हात उचलतो का गं?"

लेक हसली. "काहीतरीच तुझं!"

ते हसू आईला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी जावई कामावरून आला. जीव नकोसा करणाऱ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सासूला "कधी आलात?" एवढं विचारलं, तेही जमिनीकडे बघत. मग आपलं ताट उचललं आणि खुराड्यापाशी जाऊन बसला.

"रोज तिथंच असतो," लेक म्हणाली. "बायकोपेक्षा कोंबड्या बऱ्या वाटतात त्याला."

मनात पाप असल्याशिवाय माणूस असं तोंड लपवत नाही. आईनं तिथल्या तिथं निकाल लावून टाकला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात काच फुटली. पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडलं. ती ओल्या केसांनी धावली. लेक ओट्याला टेकून धापा टाकत होती. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. फरशीवर बरणीचे तुकडे, आणि मागचं दार सताड उघडं.

"काय केलं त्यानं? बोल ना!"

"तू मध्ये पडू नकोस, आई. आमचं आम्ही बघू."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीला कधी चापट मारली नाही, तिच्यावर हात टाकणारा हा कोण टिकोजी! आज याला आवरला नाही तर हा माझ्या लेकीला जिवंत ठेवत नाही, एवढं एकच तिला दिसत होतं.

जावई खुराड्याच्या उघड्या दाराशी वाकून उभा होता. आईनं वाफ्यातलं फावडं उपसलं.

"जावईबापू!"

तो वळला. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा गुडघ्यावर, आणि हाड कडकन वाजलं. कोंबड्यांनी एकच कालवा केला.

"आई, ऐका तरी..."

"मेल्या, काय ऐकू तुझं?"

तिसरा तोंडावर बसला. ओठ फाटला, दात मातीत पडला. धडधाकट माणूस, मनात आणलं असतं तर फावडं हिसकावून घेतलं असतं. पण त्यानं फक्त डोकं हातांत धरलं आणि अंगाचं मुटकुळं केलं. भेकड कुठला, बायकोपुढेच काय ती मर्दुमकी! आईनं त्याला लाथेनं खुराड्यात ढकललं, कुलूप घातलं आणि त्यातली किल्ली काढून मुठीत धरली. तिचा जीव भांड्यात पडला.

लेक मागच्या दारात येऊन उभी होती.

"घाबरू नकोस बाळा," आई म्हणाली. "कोंडलाय त्याला. आता पोलिसांना बोलावते आणि तुला घरी घेऊन जाते. कुणी तुझ्या केसाला धक्का लावणार नाही."

लेक सावकाश चालत आली. तिनं आईच्या हातातलं फावडं काढून घेतलं, नीट पेललं आणि दुसरा हात पुढे केला.

"किल्ली दे."

जाळीच्या आत जावई मोडका पाय ओढत सरपटत पार मागच्या कोपऱ्यात गेला.

"आई," त्यानं रक्ताळलेले हात जोडले, "तुम्ही आणखी मारा मला, पण पाया पडतो, किल्ली तिला देऊ नका."