मर्डोची बुडालेली बोट

“त्या बुडालेल्या बोटीची जागा सोडून सगळीकडे बघून झालं,” एफी म्हणाली. “आज तिथेच उतरणार.”

मर्डोने लापशीत मीठ घातलं आणि चमचा फिरवत राहिला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला उत्तराची घाई नसते.

“जा,” तो शेवटी म्हणाला. “जाळीबिळी काही आडवी यायची नाहीत.”

“तुम्हाला काय माहीत, बाबा?”

“इतक्या वर्षांत कुजली असतील. खा आधी, गार होतंय.”

लॉख ओर्नग या खाडीच्या तपासणीचा तो शेवटचा दिवस होता. तळाशी ज्वाळाशिंपल्यांची, म्हणजे ज्वाळेसारखी झालर असलेल्या दुर्मिळ शिंपल्यांची, जिवंत वस्ती सापडली, तर लोखंडी फण्यांनी तळ खरवडून खायचे शिंपले काढायला तिथे कायमची बंदी. नाही सापडली, तर सोमवारपासून सगळी खाडी फणीवाल्यांना मोकळी. एफी एक्कावन्न वर्षांची, शाळेत स्वयंपाक करणारी, पण जीव सगळा पाण्याखाली. अकरा दिवस ती आणि तिचा पाणबुड्या जोडीदार डूगल बुड्या मारत होते. दिसत होता तो नांगरल्यासारखा चिखल.

आणि नांगरणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव तिच्या बापाचं. मर्डोने तीस वर्षं हीच खाडी खरवडली होती. बापलेक त्याबद्दल कधी बोलत नसत. एफीला त्याची लाज वाटायची, चारचौघांत मान खाली जाईल इतकी वाटायची.

धक्क्यावर टॉर्मड उभा होता, आताच्या फणीवाल्यांचा पुढारी.

“काय एफीबाई, बापाने झाडून ठेवलेल्या घरात केर शोधताय होय?”

“सापडला की पहिला तुझ्याकडेच पाठवते.”

“आज कुठे?”

“बाबांच्या बुडालेल्या बोटीपाशी.”

टॉर्मडचं हसू गेलं. “वेडी आहेस का? तिथे अडकलीस तर काढायला कोण येणार? मी नाही येणार बाई.”

तो खरंच घाबरला होता. इथल्या कोळ्यांची एक रीत आहे. शिंपले कुठे मिळतात, यावर सख्ख्या भावाशीही खोटं बोलावं. पण तळाशी अडथळा कुठे आहे, यावर वैऱ्याशीही खोटं बोलू नये. फणी अडकली की बोट उलटते आणि माणसं जातात. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मर्डो एकदा फणीशिवाय परत आला. खाडीतल्या बेटाच्या उत्तरेला कुणाची तरी एक बुडालेली बोट आहे, तिच्यात फणी अडकून तार तुटली, म्हणाला. चर्चचं टोक आणि पांढरा खडक एका रेषेत आले की वळा, असंही त्याने सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून सगळे वळत आले. मर्डोच्या घरी मात्र नवी फणी येईपर्यंत तो अख्खा हिवाळा नुसते बटाटे आणि खारवलेले हेरिंग मासे.

भरती संपून पाणी वीस मिनिटं थांबतं. एफी आणि डूगल तेवढ्यात उतरले. पाच मीटरवर पाणी चहासारखं तांबूस, दहावर काळं. अठरावर एफीचा हात तळाला टेकला आणि तळ दबला, जाड गोधडीसारखा.

तिने बॅटरी मारली. खडे, कवचांचे तुकडे, सगळं बारीक धाग्यांनी विणून ठेवलेलं. त्यात एक भोक. भोकातून लाल-केशरी झालर बाहेर आली, थरथरली. मग दुसरी. मग जिकडे उजेड जाईल तिकडे.

एफीला एकदम आठवलं. सहा वर्षांची असताना बाबांच्या बोटीवर तिने हेच पाहिलं होतं. फणीतून डेकवर पडलेले, वळवळणारे. तिने ते बादलीत गोळा केले होते. पुढचं काही आठवत नव्हतं. डूगलने तिचा खांदा गदागदा हलवला. तो तोंडात नळी असतानाच ओरडत होता, वेडा.

त्यांनी वस्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेऱ्यात घेतली. परतताना कडेच्या रेतीवर एफीला काहीतरी दिसलं. ती तिथे गुडघ्यांवर बसली. मग तिने डूगलला कॅमेरा बंद करायची खूण केली.

धक्क्यावर तपासणीसाठी इन्व्हरनेसहून आलेल्या सरकारी बाईंनी ते चित्रण तीनदा पाहिलं आणि कागदावर सही केली. “बंदी,” त्या म्हणाल्या. “कायमची.” डूगलने एफीला पोशाखासकट उचललं. लोकांनी टोप्या उडवल्या, कोणीतरी बोटीचा भोंगा वाजवला. एफी रडतही होती आणि हसतही होती. जिंकल्याचा आनंद असा तिने जन्मात अनुभवला नव्हता.

“मर्डोच्या बोटीने आम्हाला घातलं खड्ड्यात,” टॉर्मड म्हणाला. “कशी आहे ती बोट? दिसली?”

“पाणी गढूळ होतं,” एफी म्हणाली.

घरी मर्डो खिडकीशी बसला होता.

“जिंकलो, बाबा!”

“ऐकलं. भोंगा इथपर्यंत आला.”

एफी त्याच्या समोर बसली. “मी तिथे दोनदा फेरी मारली. बोट नाही. एक फळी नाही, एक खिळा नाही.”

मर्डोने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं.

“तुमची फणी होती. वस्तीच्या बाहेर, रेतीवर. तार तुटलेली नव्हती. नीट गुंडाळून फणीवर ठेवलेली, वरून साखळीचे तीन वेढे. हाताने बांधून सोडलेली.”

“कोणाला बोललीस?”

“नाही. डूगलही बोलणार नाही.”

मर्डोने खाडीकडे पाहिलं.

“त्या दिवशी तू मरत्या शिंपल्यांची बादली घेऊन बसली होतीस,” तो म्हणाला. “धक्का येईपर्यंत रडत होतीस, पोरी.”