लोकरीचे मोजे

"ही भिंत कैद्यांनी बांधलीये, ताई. हात लाव ना," मंजिरी म्हणाली.

चित्रलेखाने हात लावला. पिवळ्या दगडाची भुकटी बोटांना लागली. ती तिने रुमालाला पुसली.

ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलचा हा बंदराजवळचा जुना भाग. एके काळची लोकरीची गोदामं, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या. आता वर-खाली सगळीकडे चित्रकार आणि कुंभार. मंजिरी दहा वर्षं इथे राहत होती. एका दारात एक म्हातारा मोडक्या बोटींच्या फळ्यांतून खुर्च्या करत होता, पुढच्या दारात एक बाई तांब्याच्या पत्र्यावर माशांची नक्षी ठोकत होती. मंजिरी शाळकरी पोरीसारखी पुढे पळून एकेक दाखवत होती. चित्रलेखा सगळ्याला "छान" म्हणत होती. बँकेतल्या मैत्रिणींबरोबर टूरवर आलेय, त्यातला एक दिवस काढलाय, असं तिने कळवलं होतं. संध्याकाळी विमान होतं.

"माझा स्टुडिओ लास्टला ठेवलाय," मंजिरी म्हणाली. "नो वरीज, वेळ आहे."

मंजिरीने लियमशी लग्न केलं तेव्हा आईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पुण्याच्या घराशी उरलेला एकच धागा म्हणजे ताई. 'आई गेली' हेही ताईनेच फोनवर सांगितलं. ते कोविडचे दिवस होते. पर्थच्या सीमा बंद, विमान नाही. मंजिरीने नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून, यूट्यूबवरचे मंत्र ऐकत तिलांजली दिली होती. बाजूला लोक पोहत होते. ते आठवलं की तिला अजून लाज वाटायची आणि रडूही यायचं.

स्टुडिओ गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. शुक्रवारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बारा चित्रं, आणि बाराही चित्रांत फक्त आईचे हात. मटार सोलणारे, वाती वळणारे, वेणी करकचून घालणारे. कोपऱ्यात आईचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार.

मंजिरीने उदबत्ती पेटवून पुढे केली. "तू ओवाळ, ताई. तुझा मान."

चित्रलेखाने हात मागे घेतला. "मला धुराने खोकला येतो गं."

"सॉरी, लक्षातच नाही आलं."

मंजिरीने स्वतःच ओवाळलं आणि पाठमोरीच म्हणाली, "ताई, एक विचारायचंय. एवढी वर्षं धीर झाला नाही. शेवटी तिने माझं नाव घेतलं?"

याच एका प्रश्नासाठी तिने ताईची इतकी वाट पाहिली होती. चित्रलेखाने मटार सोलणाऱ्या हातांकडे पाहिलं.

"खोटं कशाला सांगू, मंजी? नाही घेतलं."

"ओके," मंजिरी म्हणाली. "फेअर इनफ." मग ती रंगाच्या डब्यावर बसली आणि हमसून रडली.

चित्रलेखाने तिची पाठ चोळली. आजाऱ्याची पाठ कशी चोळायची हे तिला छान येत होतं.

"तू होतीस म्हणून आईचं निभावलं," मंजिरी नाक पुसत म्हणाली. "मी इथे चित्रं काढत बसले."

"हो," चित्रलेखा म्हणाली. "मी होते."

खाली दुकानात हाताने विणलेले लोकरीचे मोजे होते. चित्रलेखाने एक जोड ताणून पाहिला. "पाय सुजलेल्या माणसाला बसतील का गं?"

"कुणाला हवेत?"

"आहे एक म्हातारी. मीच बघते तिचं. दुसरं कुणी नाही तिला."

मंजिरीचे डोळे पुन्हा भरले. "तू अशीच आहेस. आईचं केलंस, आता त्यांचं." तिने ताईला पर्स उघडूच दिली नाही. "माझ्याकडून दे त्यांना. आईला तर कधी काही पाठवता आलं नाही मला."

"मी एअरपोर्टला सोडते," असंही ती म्हणाली.

"नको. तू तुझी चित्रं लाव."

स्टेशनवर दुपारचा समुद्रवारा सुटला होता. मंजिरी वाकून पाया पडली. गाडी हलली तरी ती हात हलवत होती. चित्रलेखानेही हात हलवला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

मग तिने मोजे नीट पिशवीत ठेवले आणि पुण्याला फोन लावला. पलीकडे उचलायला वेळ लागला. उचलल्या उचलल्या प्रश्न आला, रोजचाच.

"नाही गं आई, नाही सापडली मंजी. तो पत्ताच जुना निघाला," चित्रलेखा म्हणाली. "पण तुला मोजे घेतलेत."