वस्तादांचे तीन सवाल

"ऊठ. आता शंभर बैठका मार," हरिबा वस्ताद म्हणाले.

बिरप्पा उठला. घटकाभरापूर्वी सराव करताना शिवपुत्रानं त्याला धोबीपछाड मारली होती आणि त्याचं डोकं कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या दगडी काठावर आदळलं होतं. क्षणभर सगळी तालीम डोळ्यांपुढून नाहीशी झाली आणि पुन्हा आली. वस्तादांनी त्याला शेजारी बसवून तीन सवाल विचारले. नाव काय? गाव कुठलं? उद्या कुस्ती कुणाशी? बिरप्पानं तिन्ही उत्तरं बिनचूक दिली. पण वस्तादांचं तेवढ्यावर भागत नसे.

"बसल्या जागी समद्यांचंच डोकं शाबूत असतंय," ते म्हणायचे. "दम लागला की खरं कळतंय."

पाच वर्षांमागं येडू नावाच्या पोरानं अशीच बसल्या बसल्या फटाफट उत्तरं दिली होती. दुसऱ्या दिवशी तो आखाड्यात उतरला, पडला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून खूळ म्हणा की शहाणपण म्हणा, डोक्याला मार बसला की आधी शंभर बैठका आणि मग पुन्हा तेच तीन सवाल. चुकला त्याची कुस्ती रद्द. आता ते सवाल सगळ्या तालमीला पाठ झाले होते.

उद्या गड्ड्याच्या जत्रेत बिरप्पाची पहिली मोठी कुस्ती होती, वैरागच्या हिंदुरावाशी. तीन वर्षं त्यानं तिचीच वाट बघितली होती. त्याचा बाप सिद्धाप्पा मेंढरं भावाच्या हवाली करून मैंदर्गीहून चालत निघाला होता. जन्मात कधी मेंढरं सोडून न राहिलेला माणूस! शंभर काय, बिरप्पानं हजार बैठका मारल्या असत्या.

शिवपुत्र रडवेल्या आवाजात मोजू लागला. वीस झाल्या, चाळीस झाल्या. मातीला तिच्यात कालवलेल्या ताक-हळदीचा वास येत होता. बिरप्पाला वाटलं, आपण उठत-बसत नाही, जमीनच वर येते आणि खाली जाते. कौलांतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. तरंगता तरंगता त्या धुळीची मेंढरं झाली. त्यांच्यामागून बाप आला, काठी टेकून उभा राहिला आणि हसला. बिरप्पाला फार फार बरं वाटलं. एवढं सुख त्याला कुठली कुस्ती मारूनही झालं नव्हतं. लांब गिरणीचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. शंभर कधी भरल्या, त्याला कळलंसुद्धा नाही.

धापा टाकत तो वस्तादांसमोर उभा राहिला. त्यांच्या पाठीमागं दार होतं, दारात ऊन होतं. त्यामुळं त्यांचा चेहरा नुसता काळा दिसत होता.

नाव काय? आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"बिरप्पा सिद्धाप्पा."

गाव कुठलं?

"मैंदर्गी, वस्ताद."

उद्या कुस्ती कुणाशी?

"वैरागच्या हिंदुरावाशी!"

एकही उत्तर चुकलं नव्हतं. जिंकलो, असं त्याला वाटलं. तो शिवपुत्राकडं बघून हसला. शिवपुत्र हसला नाही.

वस्ताद उठले. त्यांनी दोन्ही हातांनी बिरप्पाचं डोकं धरलं आणि त्याला अलगद मातीवर निजवलं.

"तुझ्या बापाला मी सांगतो," ते म्हणाले. "लेकरा, मी अजून काईच इचारलं न्हाय की."