चष्मा मोडला कसा

"परत मोडला हो," असं म्हणत मावशींनी रुमालात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला. "काय करावं या पोरीचं? धांदरटपणावर काही औषध असेल तर तेही द्या."

चष्मेवालीने रुमाल उलगडला आणि तिच्यातली चौकस बाई जागी झाली. मोडका चष्मा हातात आला की तो कसा मोडला असेल, हे ओळखायचा तिला भारी नाद. वर कोणी बसलं की काड्या फाकतात. चेंडू लागला की काचेला तडा जातो. तान्ह्या बाळाने ओढला तर एकच काडी निखळते. एक गृहस्थ सोफ्याच्या नावाने खडे फोडत आले होते. "तुम्हीच बसलात ना त्याच्यावर?" असं तिने त्यांना तोंडावर विचारलं. तेव्हा काउंटर सांभाळणारा तिचा नवरा म्हणाला होता, "आपण चष्म्याचं दुकान काढलंय की पोलीस चौकी?"

हा चष्मा मात्र वेगळाच होता. नाकावरच्या दांडीपाशी बरोबर मधोमध दोन तुकडे. काचांवर ओरखडा नाही, काड्या सरळ. पडलेला चष्मा असा मोडत नाही. थोबाडीत बसली तरी असा मोडत नाही. तो डोळ्यांवरून काढून, दोन्ही हातांत धरून, जोर लावून वाकवावा लागतो. आधीचे दोन चष्मेही असेच मोडून आले होते. तेव्हा दुकानात गर्दी होती आणि तिने कानाडोळा केला होता. आज तिला राहवेना. रागाच्या भरात घरात कोणी मोडत असेल का?

मुलगी मावशींच्या मागे उभी होती. आठ-नऊ वर्षांची, अंगाने काडी. आई-वडील नोकरीसाठी लांब, म्हणून ती मावशीकडे राहायची. मावशी तिच्याच शाळेत शिकवायच्या. बोलायला गोड, साऱ्या गल्लीच्या लाडक्या. मुलीला काहीही विचारलं तरी उत्तर त्याच देत. कितवीत आहेस, असं विचारलं तरीसुद्धा.

डोळे तपासायच्या खोलीत मात्र नातेवाइकांना मज्जाव होता. पालक आत आले की पोराच्या आधी तेच अक्षरं वाचतात, हा चष्मेवालीचा नेहमीचा अनुभव.

"मी बसते ना तिच्याजवळ," मावशी म्हणाल्या. "अंधाराला घाबरते हो ती."

"नको ताई. तुम्ही हळूच सांगाल आणि तिच्या नाकावर तुमचा नंबर बसेल."

मावशी हसल्या आणि बाहेर बसल्या. चष्मेवालीने दार लावून घेतलं. मुलगी अंधारात अगदी स्वस्थ, सवयीची जागा असल्यासारखी खुर्चीवर चढून बसली. चष्मेवालीने अक्षरांचा दिवा लावलाच नाही. स्टूल ओढून ती मुलीच्या समोर बसली.

"चष्मा कोणी मोडला गं?"

"मीच."

चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मारहाण नाही, काही नाही. आपणच उगाच राईचा पर्वत केला. नवरा म्हणतो तेच खरं, असं वाटून ती उठायलाही लागली. पण चौकसपणा काही सुटेना.

"मुद्दाम मोडलास?"

मुलीने होकाराची मान हलवली.

"का?"

मुलगी दाराकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "इथे मावशीला बाहेर बसावं लागतं."

चष्मेवाली पुन्हा खाली बसली. तिने घाई केली नाही, मुलीच्या तोंडात शब्द घातले नाहीत. मुलगी तुकड्यातुकड्यांनी बोलत गेली. काही चुकलं की मावशी माळ्यावर चढवते आणि शिडी काढून घेते. सुट्टी असली की दिवसभर. वर पाण्याची बाटली असते, जेवण नसतं. आईचा फोन आला की मावशी शेजारी बसते. शाळेत तर मावशीच असते. सांगताना ती रडली नाही.

"मावशीला सांगू नका," मुलगी म्हणाली.

"मावशीला नाही सांगणार. पण जे तुला यातून सोडवू शकतात त्यांना सांगावं लागेल. आत्ताच."

दारावर टकटक झाली. "झालं का हो?"

"डोळ्यांत औषध घालावं लागतंय, ताई. वेळ लागेल." मग तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, ताईंना नव्या फ्रेमा दाखवा. सगळ्या."

नवरा तिचा आवाज ओळखून होता. काही न विचारता त्याने खण उघडायला सुरुवात केली.

तिने मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण माझ्याकडे पुरावा काहीच नाही. उद्या खोटं निघालं तर?"

"ते शोधणं आमचं काम," पलीकडची बाई म्हणाली. "शंका आली ती कळवलीत, हे तुमचं काम झालं. आमची माणसं निघाली आहेत. तोवर तिला जाऊ देऊ नका."

तिने फोन ठेवला. बाहेर नवरा एकेका फ्रेमचे गुण गात होता. मुलगी पाय हलवत तिच्याकडे बघत होती. चष्मेवालीला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि अपराधीही. न राहवून तिने विचारलं, "अगं, याआधी दोनदा इथेच, याच खुर्चीवर बसली होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

मुलीने थोडा विचार केला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तेव्हा तुम्ही फक्त अक्षरं विचारलीत."