विसापैकी वीस

कॉलेजच्या ऑनलाइन कोरोना प्रश्नमंजूषेत दिपमालाला विसापैकी वीस मिळाले, तेव्हा वडिलांनी कौतुकाने प्रमाणपत्र लॅमिनेट करून गावी, चोपड्याच्या घरात भिंतीवर टांगलं. आता आजोबा झोपेतच गेले म्हणून ती जळगावहून धावत आली. दारात बायकांच्या घोळक्यात आई हात पसरून उभी होती. गळ्यात पडून रडायची रीतच होती. आत आजोबांच्या उशाशी अगरबत्त्यांचा जुडगा धुमसत होता, पण दिपमालाला वास येईना. सातवा प्रश्न होता, वास गेला तर काय कराल? तिचं उत्तर होतं, सगळ्यांपासून लांब राहीन. ती उंबऱ्याबाहेरच थबकली. सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. "बठ्ठ्या बाया देखी राह्यन्यात बेटी," आई हुंदका गिळत म्हणाली, "तो मास्क काढ!" मास्क काढून दिपमाला आईच्या गळ्यात पडली. विसाव्या दिवशी आईच्या फोटोला हार घालून वडील खिळा शोधू लागले. दिपमालाने प्रमाणपत्र उतरवलं.