फ्रीजचं कुलूप

रंभाने फ्रीजला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेला अडकवली. कुसुमबाई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या.

"तळलेले बांगडे पायांनी चालत जात नाहीत," रंभा फ्रीजलाच म्हणाली.

"लावा. भांड्यांनाही लावा," कुसुमबाई म्हणाल्या. "म्हणजे माझा हात लागलेली परत घासायला नकोत."

रंभाला याचा अर्थ लागला नाही. कुसुमबाईंना मात्र तो महिनाभर टोचत होता. रात्री त्या भांडी घासून पालथी घालत. सकाळी तीच भांडी ओली आणि उताणी. गावाकडचं सोवळं विमानाने आलं, असं त्यांनी धरलं होतं.

आखातात, गुदैबियातल्या या फ्लॅटमध्ये त्र्याण्णव सालापासून दोन कुटुंबांची चूल एक होती. गावी दोघींचे पाणवठे वेगळे होते. ते इथे कोणी काढत नसे. आज मात्र शुक्रवारची सुट्टी असूनही दोघींचे दोन कुकर लागले होते.

तेवढ्यात तिसऱ्या खोलीतून मार्था बॅग घेऊन बाहेर आली. साठीची अमेरिकन बाई, शाळेत बालवर्ग शिकवायची, महिन्यापूर्वीच राहायला आलेली. कुलपाकडे बघून ती इंग्रजीत बोलू लागली. कुसुमबाई ऑफिसात टायपिस्ट होत्या. भांडण असलं तरी ऐकायचं दोघींनाही होतं, म्हणून त्या मराठी करून सांगू लागल्या.

"हिच्या बापाने डोंगरात देवाच्या नावाने वसाहत काढली. शेत एक, प्रार्थना एक, स्वयंपाकघर एक. सात घरांची तीनशे माणसं झाली. गाणी म्हणत बटाटे सोलायची. मग कोणी साखर जास्त खातं म्हणून बापाने कोठाराला कुलूप घातलं. वर्षभरात घराघराला कुलपं लागली. पुढच्या उन्हाळ्यात प्रार्थनेला बाप आणि ही, दोघंच."

"आणि देव?" रंभाने विचारलं.

"तो कुठे जेवायला असतो," हे कुसुमबाईंनी पदरचं घातलं. "म्हणते, इथे कुलूप नव्हतं म्हणून राहिले. आता हेही खलास. निघते."

"आपल्या कुलपात हिचं काय अडलं? विचारा तरी."

कुसुमबाईंनी विचारलं. मार्थाने सांगितलं. कुसुमबाई स्टुलावर बसल्या.

"अहो, मलाही सांगा की."

"त्यांच्यात मागून खाणं म्हणजे परकेपणा. भूक लागली की उघडायचं आणि खायचं." कुसुमबाई चष्मा पुसत राहिल्या. "आणि खाणाऱ्याने ओट्यावरची सगळी भांडी घासायची. घासलेली असली तरी."

रंभाने उताण्या पातेल्यांकडे पाहिलं, मग कुसुमबाईंकडे. मघाचं बोलणं तिला आत्ता कळलं. पिनेतून किल्ली काढून तिने कुलूप उघडलं, साखळी कचऱ्यात टाकली आणि एक कुकर बंद केला.

"तिला सांगा, बॅग आत ठेव. बांगडे पुढच्या वेळी जास्त आणू," ती म्हणाली. "आणि भांडी पालथी घालत जा म्हणावं. उताणी ठेवली की आमच्याकडे घरं मोडतात."